वाचक विचारतात : कार्डाची सही बघायला कोणता टेस्टर घेऊ?

प्रश्न : काका, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीजवळ माझं छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाची) इनपुट-आउटपुट कार्डं म्हणजे सर्किट बोर्ड, वेल्डिंग मशीनची कार्डं, जे येईल ते करतो. सर्किट डायग्राम जवळजवळ कधीच मिळत नाही. आता कंपोनंट सिग्नेचर टेस्टर घ्यावा असं मनात आहे. जवळ पंचेचाळीस हजार आहेत. घरी 'ऑक्टोपस' सर्किट (स्कोपला जोडायचा साधा घरगुती टेस्टर) बांधता येईल. कोल्हापुरात एक जण कंपोनंट टेस्टर असलेला जुना अ‍ॅनालॉग स्कोप (ऑसिलोस्कोप) साडेनऊ हजाराला देतोय. एका विक्रेत्यानं दोन चॅनेलचा टेबलावरचा नवा टेस्टर अडतीस हजाराला सांगितलाय. आणि कॉम्प्युटरला जोडायचा मोठा सेट आहे, त्याला कर्ज काढावं लागेल. काय करू? – एक वाचक, कुपवाड (सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात टेस्टर चार आहेत, चालू कार्ड मात्र एकही नाही. माझा पहिला प्रश्न तोच. हाताशी चालू कार्डं किती आहेत?

हा टेस्टर करतो काय, तर बंद कार्डावरच्या दोन टोकांना एका रेझिस्टरमधून थोडं एसी व्होल्टेज देतो आणि पडद्यावर चित्र काढतो. ते चित्र म्हणजे त्या टोकांची सही, सिग्नेचर. आडवं व्होल्टेज, उभा करंट. ओपन म्हणजे आडवी रेघ, शॉर्ट म्हणजे उभी. रेझिस्टर तिरका, कपॅसिटर अंड्यासारखा, डायोडला एक गुडघा, झेनरला (ठरावीक व्होल्टेजला उलटाही वाहणाऱ्या डायोडला) दोन. एवढं अर्ध्या तासात शिकून होतं. पण कार्डावर एकेका पिनेला रेझिस्टर, कपॅसिटर, आयसीच्या आतले डायोड असे चार-पाच जण लटकलेले असतात, आणि दिसतं ते सगळ्यांचं मिळून एक वेडंवाकडं चित्र. ते बरोबर की चूक हे टेस्टरला कळत नाही. बँकेतला कारकून चेकवरची सही सुरेख आहे का ते बघत नाही, नमुन्याच्या सहीशी जुळते का ते बघतो. नमुनाच नसेल तर तो तरी काय करणार?

मी इचलकरंजीत बावीस वर्षं मागांची कार्डं करतोय. सुरुवातीला माझ्याकडेही नमुना नव्हता. कारखानदाराला म्हटलं, चालू मागाचं कार्ड दोन तास द्या. तो म्हणाला, "तेवढा वेळ माग उभा राहिला तर कापड तुम्ही विणून देणार काय?" बरोबरच होतं त्याचं. कार्ड रॅपिअर मागाचं, आठ रंगांचं सूत निवडणारं. पाचवा रंग मधूनच चुकायचा. मल्टिमीटरला सगळं ठीक. मग लक्षात आलं की नमुना याच कार्डावर आहे. सोलेनॉइड (विजेनं ओढणारी कॉइल) चालवणारे आठ मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे ट्रान्झिस्टर, आठांची जोडणी तंतोतंत सारखी. एकेका गेटवर, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायावर, सुई ठेवत गेलो. सात जणांची सही एकसारखी. एका बाजूला गुडघा, दुसरीकडे जवळजवळ सपाट रेघ. पाचव्याची सपाट रेघ साधारण पाच व्होल्टनंतर हळूच खाली वाकत होती, जुन्या दोरीवर ओलं धोतर टाकल्यासारखी. गेटवरचा १२ व्होल्टचा झेनर लीक झाला होता. मल्टिमीटर डायोडच्या रेंजला दोन-तीन व्होल्टच देतो, त्याला पाच व्होल्टच्या पुढचं दुखणं कुठून दिसणार?

तेव्हा नमुना आधी कार्डातच शोधायचा. सोळा इनपुटचं पीएलसी कार्ड म्हणजे सोळा सख्खे भाऊ. यूएलएन २८०३ या ड्रायव्हर आयसीत आठ. ड्राइव्हमध्ये तीन फेज. आणि दुसरी सवय आजपासूनच लावा. कार्ड दुरुस्त झालं, चालवून बघितलं, की गिऱ्हाइकाला देण्याआधी पंधरा मिनिटं त्याच्या कनेक्टरच्या आणि मोठ्या आयसींच्या पिना तपासून सह्या टिपून ठेवा. मी शाळेच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढायचो, आता पोरगा मोबाइलवर फोटो घेतो. माझ्या अशा सात वह्या भरल्यात. चोर आला तर गल्ल्याला हात लावू दे, वह्या नेऊ नकोत.

आता यंत्राकडे येऊ.

ऑक्टोपस बांधाच. २३०/६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, १ किलो-ओहमचा रेझिस्टर, दोन प्रोब. सेकंडरीच्या (६ व्होल्टच्या बाजूच्या) एका टोकापासून तपासायच्या पार्टमधून स्कोपच्या ग्राउंडला यायचं, तिथून रेझिस्टरमधून दुसऱ्या टोकाला जायचं. पहिलं टोक स्कोपच्या एक्सला (आडव्या बाजूला), दुसरं वायला (उभ्या बाजूला). वाय उलटा दिसतो, तो स्कोपवर इन्व्हर्ट करायचा. खर्च हजाराच्या आतच. एक सांगून ठेवतो, ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर भार नसताना सहा देत नाही, सात-सव्वासात देतो, म्हणजे शिखर १० व्होल्टपर्यंत जातं. तुमच्याकडे डिजिटल स्कोप असेल तर त्यावर एक्स-वाय चित्र बहुधा ठिपक्याठिपक्यांचं येईल. माझ्याकडच्या स्वस्त डिजिटलवर तर रांगोळी विस्कटल्यासारखं दिसायचं. म्हणून तो साडेनऊ हजारांचा अ‍ॅनालॉग स्कोप मला मोलाचा वाटतो. जर्मनीच्या हॅमेगच्या स्कोपमध्ये कंपोनंट टेस्टर आतच असायचा आणि त्याच धाटणीचे एचएम मालिकेतले स्कोप इंदूरच्या सायंटिफिकनं आपल्याकडे घराघरांत, म्हणजे कॉलेजाकॉलेजांत, पोचवले. कोल्हापूरचा तोच असावा. रेघ बारीक आणि उजळ येत असेल, फोकस धरत असेल तर घेऊन टाका. नाहीतर ट्यूब म्हातारी झालीय म्हणून सोडून द्या.

पण यात एक मोठी अडचण आहे. व्होल्टेज एकच, रेझिस्टर एकच, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच. याचा त्रास कुठे होतो ते आकड्यांत बघा. ५ व्होल्टच्या लाइनवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ५० हर्ट्झला तो ३२ ओहमसारखा वागतो. १ किलो-ओहमसमोर ३२ ओहम म्हणजे पडद्यावर जवळजवळ उभी रेघ. नवा माणूस म्हणतो, शॉर्ट! आणि चांगले आयसी उपटत बसतो. मीही तीन उपटलेत. उलट बाजूला, गेटवर ५० किलो-ओहमचं लीकेज असेल तर रेघ टोकाला एक मिलिमीटरसुद्धा उचलत नाही. आपण म्हणतो, ओपन आहे, छान आहे. तीच गोष्ट ०.१ मायक्रोफॅरडची. ५० हर्ट्झला तो जवळपास ३२ किलो-ओहम, म्हणजे असून नसल्यासारखा. २ किलोहर्ट्झला ८०० ओहम, आणि मग पडद्यावर कशी गोल पोळी येते.

म्हणून विकत घ्यायच्या टेस्टरमध्ये मी सगळ्यात आधी बघतो तो रेझिस्टरचा आवाका. खाली ५० किंवा १०० ओहम, वर ५०-१०० किलो-ओहम आणि मध्ये दोन-तीन पायऱ्या. मग फ्रिक्वेन्सी, ५० पासून निदान दोन किलोहर्ट्झपर्यंत. आणि मग व्होल्टेज. जुन्या ५ व्होल्टच्या कार्डांना दहाचं शिखर चालून जायचं. आताच्या ३.३ आणि १.८ व्होल्टच्या आयसींवर ते लावायची माझी छाती होत नाही. तीन व्होल्टपेक्षा कमीची रेंज हवीच. अर्ध्या व्होल्टच्या खालची मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे सिलिकॉनचा एकही जंक्शन जागा होत नाही आणि आयसी मधे न लुडबुडता नुसते रेझिस्टर-कपॅसिटर दिसतात.

दोन चॅनेल आणि आपोआप आलटूनपालटून दाखवायची सोय, हे मात्र चैन समजू नका. दोन्ही कार्डांची ग्राउंड एका क्लिपला, एक सुई चांगल्या कार्डावर, एक बिघडलेल्यावर. सह्या जुळत असतील तर चित्र स्थिर राहतं, नसतील तर लगेच फडफडतं. दिवसभरात तीनशे पिना बघायच्या असल्या की डोळ्यांना फडफड पकडणं सोपं जातं, आठवून ताडून बघणं नाही. मी सुरुवातीला एका चॅनेलवर काम केलं आणि संध्याकाळी पाचनंतर मला सगळ्याच सह्या सारख्या दिसायला लागायच्या.

त्या अडतीस हजारवाल्याकडे जाताना खिशात एक डबी न्या. तिच्यात एक ४००७ डायोड, ५.१ व्होल्टचा झेनर, १० किलो-ओहमचा रेझिस्टर, ०.१ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, एक लीक झालेला डायोड (तुमच्या भंगारात नक्की सापडेल) आणि सारखे चॅनेल असलेलं एक कार्ड. शंभर मायक्रोफॅरड अंड्यासारखा दिसतो की उभा? ०.१ दिसतो का? लीक डायोडचा गुडघा चांगल्यापेक्षा गोलसर दिसतो का? दोन्ही चॅनेलना एकच रेझिस्टर लावला तर तिरकी रेघ एकावर एक बसते का? शेवटच्या परीक्षेत नवी यंत्रं नापास झालेली मी पाहिलीत. दोन चॅनेलच आपसात जुळत नसतील तर ते तुमची कार्डं काय जुळवणार? विक्रेता म्हणाला की डेमोला वेगळं कार्ड आहे, तर हसून नमस्कार करा आणि निघा.

प्रोबही बघा. आमच्याकडे मागाच्या शेडमध्ये दमटपणा मुद्दाम राखतात आणि कापसाचे तंतू कार्डावर बसतात. तंतू आणि ओल मिळून खोट्या लीकेजच्या सह्या करतात. आधी ब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मगच टेस्टर. कार्डावर वॉर्निश असेल तर बोथट प्रोब त्याच्यावरच नाचत राहतो, आणि तुम्ही ओपन समजून बसता. सुईसारखं टोक हवं.

कॉम्प्युटरवाला सेट वाईट नाही. अमेरिकेच्या हंट्रॉनचा ट्रॅकर इतका रुळला की जुने लोक कुठल्याही अशा टेस्टरला ट्रॅकरच म्हणतात. इंग्लंडची एबीआय, आपली चेन्नईची क्यूमॅक्स यांचेही संगणकाला जोडायचे संच आहेत. सह्या साठवायच्या, किती फरक चालेल ते ठरवायचं, वेगळ्या पिनांची यादी घ्यायची. जिथे एकाच जातीची कार्डं शेकड्यानं येतात, रेल्वे, संरक्षण, मोठ्या कारखान्याचा दुरुस्ती विभाग, तिथे ते पैसे वसूल होतात. तुमच्या टेबलावर आज वेल्डिंग, उद्या ड्राइव्ह, परवा कुणाचा ट्रेडमिल. त्यासाठी कर्ज काढू नका.

मी तुमच्या जागी असतो तर रेघ चांगली असली की कोल्हापूरचा स्कोप उचलला असता. साडेनऊ हजारांत स्कोपही मिळतो, टेस्टरही. ऑक्टोपसला रोटरी स्विच लावून १०० ओहम, १ किलो, ५० किलो अशा तीन रेंज केल्या असत्या, आणि कमी व्होल्टेजसाठी दोन रेझिस्टरचा विभाजक. फक्त १०० ओहमची रेंज त्या कमी व्होल्टेजवरच वापरायची, नाहीतर १० व्होल्टला १०० मिलिअँपिअर जातील. सहा महिने वही भरली असती. उरलेले पैसे तोवर बँकेत. सहा महिन्यांनी दोन चॅनेलवाला घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्यापेक्षा तुम्हीच जास्त प्रश्न विचाराल. तोवर बाजारातलं भंगार कार्ड दिसलं की किलोच्या भावात घेऊन ठेवा. त्यातलं एखादं तुमचा नमुना निघेल.

प्रश्न : सर, मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या लेखावरून ऑक्टोपस बांधला, छान चालतो. पण बीसी ५४७ च्या बेस-एमिटरला झेनरसारखी सही येते, दोन्हीकडे वाकते. नवीन पाच घेतले, पाचही तसेच. दुकानदारानं खराब माल दिला का? – एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : ताई, दुकानदाराशी भांडू नका. पाचही ठणठणीत आहेत. बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेला फार व्होल्टेज सोसत नाही. डेटाशीटमध्ये ५४७ ला ६ व्होल्टची मर्यादा दिलेली असते आणि प्रत्यक्षात ते सात-नऊच्या दरम्यान कुठेतरी वाकतं. तुमचा ट्रान्सफॉर्मर दहाच्या शिखराला जातो, म्हणून ते वाकलेलं तुम्हाला दिसतं. बेस-कलेक्टर बघा, तिथे एकच गुडघा येईल, कारण ते जंक्शन ५० व्होल्ट सोसतं.

याचा उपयोग करून घ्या. पायांची नावं पुसलेला ट्रान्झिस्टर हाती आला की बेसशी ज्याची सही दोन्हीकडे वाकते तो एमिटर. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, मीही पहिल्यांदा डझनभर चांगले ट्रान्झिस्टर कचऱ्यात टाकले होते.

पण ते उलटं वाकवत बसू नका. वारंवार तसं केलं की ट्रान्झिस्टरचं गेन (सिग्नल वाढवायची ताकद) घटतं आणि खरखर (नॉइज) वाढते. ऑडिओच्या इनपुटच्या ट्रान्झिस्टरवर तर कमी व्होल्टेजच लावायचं. तुम्ही रेझिस्टर कितीचा घातलाय ते पत्रात नाही. १ किलोचा असेल तर करंट दहा मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, तेवढं ठीक आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन चॅनेलचा टेस्टर आहे. एका ड्राइव्हचं कंट्रोल कार्ड चालू कार्डाशी पिन न् पिन जुळवलं, दोन दिवस गेले, सगळ्या सह्या जुळतात. तरी ड्राइव्ह सुरू होत नाही. टेस्टर खोटं बोलतोय का? – एक वाचक, सातपूर (नाशिक)

उत्तर : टेस्टर खरं बोलतोय, पण तो फक्त शरीर तपासतो, डोक्यात काय आहे ते त्याला दिसत नाही. मेमरीतलं गेलं असेल तर मेमरी आयसीची सही जशीच्या तशी येते. मी असाच अडीच दिवस एका कार्डावर घालवले. शेवटी कळलं की बटण-सेलसारखी बॅटरी उतरलेली आणि पॅरामीटर, म्हणजे मेमरीतली सेटिंग, पुसले गेलेले. कारखान्यातल्या फोरमननं एका कागदावर पॅरामीटर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले होते. ते परत भरले आणि दहा मिनिटांत माग सुरू. त्या अडीच दिवसांचं बिल मी लावलं नाही, लाज वाटली.

दोन गोष्टी अजून बघा. क्रिस्टल (आयसीला ठोके देणारा पार्ट) चालू आहे की नाही हे बंद कार्डावर कळत नाही, ते स्कोपनं चालू कार्डावर बघावं लागतं. आणि सोल्डरचा डाग सुटलेला असेल तर सुईच्या दाबानं तो तेवढ्यापुरता जुळतो, सही बरोबर येते, सुई काढली की पुन्हा सुटतो. कनेक्टर आणि जड पार्टांचे डाग भिंगातून बघा. पायाभोवती बारीक काळी अंगठी दिसली की तिथे पुन्हा डाग द्या.

उलट प्रकारही होतो. एकाच नंबरचा आयसी, पण कंपनी वेगळी, की सही थोडी वेगळी येते आणि दोन्ही चांगले असतात. ७४ एलएसच्या जागी कुणी ७४ एचसी (त्याच कामाचा, पण आतून वेगळ्या बनावटीचा आयसी) लावला असेल तर सही साफ वेगळी दिसेल. आयसी काढण्याआधी त्याच्या पाठीवरचं वाचा.

प्रश्न : कार्ड चालू ठेवून सिग्नेचर बघितली तर चालेल का? वेळ वाचेल. – एक वाचक, भोसरी

उत्तर : नाही. आणि बंद केलं म्हणजे बंद झालं असंही नाही. ४१५ व्होल्ट थ्री-फेजच्या ड्राइव्हमध्ये आत साधारण ५८५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं. कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर तुटला असेल तर ते तासन् तास तसंच राहतं. असल्या एका ड्राइव्हवर मी घाईनं सुई टेकवली. काडकन आवाज झाला, टेस्टरमधला रेझिस्टर कोळसा झाला, सुईचं टोक वितळून गोळा झालं. हात वाचला, कारण प्रोबचं प्लास्टिक जाड होतं.

मीटर एक हजार व्होल्टच्या रेंजला ठेवून डीसी बसवर, म्हणजे हे डीसी साठवणाऱ्या कपॅसिटरच्या टोकांवर, आधी मोजा. व्होल्टेज असेल तर जुने शंभर वॉटचे पिवळे बल्ब तीन, सिरीजमध्ये, इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. स्क्रू-ड्रायव्हरनं शॉर्ट करायचं नाही, कपॅसिटरही मरतो आणि बाकीचंही. बल्ब विझले तरी अजून पाच मिनिटं तसेच राहू द्या, बल्ब अंधारले तेव्हाही बसवर पन्नास-साठ व्होल्ट असतात. पुन्हा मोजा. पाच व्होल्टच्या खाली आलं की मग सुई टेकवा.